जिभेनं फुटलेली मडकी

१९ फेब्रुवारी १९६१

अक्का,

फाडू नकोस. आधी एवढं वाच, मग फाड. आई जिवंत आहे.

तिच्या अंगावरून वारं गेलं. नाताळ होऊन दहा-बारा दिवस झाले होते. सकाळी निळ्या मक्याची पेज ढवळत होती, हातातली पळी पडली. मी म्हणलं काय गं, तर तोंड एका बाजूला ओढलेलं. उजवा हात, उजवा पाय गेला. बोलते, पण मातीचा गोळा तोंडात धरून बोलल्यासारखं. डॉक्टर म्हणाला उन्हाळा बघेल, त्याच्या पुढचं मी सांगत नाही.

मी एर्लिंडा. अक्षरावरून ओळखलंच असशील, तुझे टोले खाऊन शिकलेय. पत्ता पर्फिलिया मावशीच्या सुनेनं दिला. तिनं तुला ओकलंडला बघितलं म्हणे. मोठ्या लाँड्रीत इस्त्रीच्या यंत्रावर आहेस आणि केस कापलेस म्हणे. आईला मी केसांचं सांगितलं नाही.

माझं लग्न झालं ते तुला कळलं असेल. विल्बरशीच. तो रुळांच्या कामाला गेलाय, बार्स्टोला. तेही कॅलिफोर्नियातच आहे, तुझ्यापासून किती लांब ते मला कळत नाही. मुलगी झाली, तीन महिन्यांची आहे. चर्चच्या वहीत फिदेलिया लिहिलंय. आपल्या जमातीतलं नाव कागदावर लिहीत नाही, तू आलीस की कानात सांगेन.

मी बरी आहे. आईचं करते, लेकराचं करते, मडकी पण करते. कसली भीती वगैरे नाही.

पत्राचं कारण एवढंच की पांढरी माती संपली. डब्याच्या तळाशी अक्रोडाएवढं ढेकूळ राहिलंय. मडकं घडवायची करडी माती कुठली ते मला माहीत आहे. वरून लावायची पांढरी कुठली ते आईनं फक्त तुला नेऊन दाखवलं होतं. आईला विचारलं की डोळे मिटून घेते. तेवढं लिही. दुसरं काही लिहायचं नसेल तर नको लिहू.

त्या दिवसाचं मी काही काढत नाही. तूही काढू नकोस.

एर्लिंडा


७ मार्च

अक्का,

तुझं काही आलं नाही.

मी पहिल्यांदा एकटीनं आवा लावला. पाच मडकी होती, लहानच. उजाडायला लावला, वारा नव्हता. गोवऱ्या नीट रचल्या, मधे फट ठेवली, मक्याचं पीठ ठेवलं, मातीआईशी बोलले. लेकरू पाठीला बांधलेलं. तीन फुटली.

तो आवाज तुला माहीत आहे. कानात नाही होत, पोटात होतो.

नंतर वारा सुटला. मावशीला मी सांगितलं वाऱ्यानं फुटली.

पांढऱ्या मातीचं लिही. तीन ओळी पुष्कळ झाल्या.

एर्लिंडा


२ एप्रिल

अक्का,

पार्सल मिळालं. लोकरीचं पिवळं जाकीट फिदेलियाला मोठं होतं, बाह्या दोनदा दुमडाव्या लागतात, पण पुढच्या थंडीपर्यंत बरोबर होईल. तू विणलंस का विकत घेतलंस? चिठ्ठी शोधली. बाह्या उलट्या केल्या, बांधलेला कागद खिडकीत धरून बघितला. लाँड्रीचा शिक्का तेवढा दिसला. असू दे. तू पत्र फाडलं नाहीस एवढं कळलं.

आईला जाकीट दाखवलं. कुणी पाठवलं ते सांगितलं नाही. तिनं डाव्या हातानं टाका चाचपला, उसवून बघितल्यासारखं केलं आणि खाली ठेवलं. तिला कळलं असेल. नसेलही.

पर्फिलिया मावशी रोज येते. आईच्या अंथरुणाशी बसते आणि दोघींच्या वाटचं एकटीच बोलते. म्हणते, "बहीण माझी आता कशी गरीब झालीय. चाळीस वर्षं मला बोलू दिलं नाही, आता मी फेडून घेते." आई तिच्याकडं अशी बघते की धड असती तर काठी मारली असती.

तुला पांढऱ्या मातीचं विचारलं ते मी मावशीला सांगितलं. ती माझ्यावरच उखडली.

"पत्रात? वेडी का काय? पोस्टातली बाई वाचेल, टपालवाला वाचेल, उद्या फावडं घेऊन गोऱ्यांचा ट्रक येईल. ती जागा चालत जाऊन दाखवायची असते. तुझ्या बहिणीला तेवढी अक्कल आहे, म्हणून गप्प आहे."

मला हे ठाऊक नव्हतं असं नाही, अक्का.

काल दुसरा आवा लावला. सहा मडकी. यावेळी मावशी उभी होती. तिनं कुणाला जवळ येऊ दिलं नाही, आव्यापाशी भांडलं की मडकी फुटतात म्हणून कुणी मोठ्यानं बोललं नाही, शेजारचं कुत्रं सुद्धा तिनं हाकललं. आणि सहाच्या सहा गेली, अक्का. एकामागून एक. राखेत नुसत्या कपच्या.

मावशीनं काठीनं कपच्या उकरून बघितल्या. मग म्हणली, "कोण भांडलं गं? इथं तर कुणी भांडलं नाही." आणि माझ्याकडं बघितलं. "घरात काय आहे?"

मी म्हणलं काही नाही.

लेकरानं परवापासून दूध कमी केलंय. आईचा डावा हात पण कापायला लागलाय. मी मागं लिहिलं होतं भीती नाही म्हणून. ते तसं नाही.

मला तुला एक सांगायचं आहे. फिदेलिया उठली. राहू दे.


४ एप्रिल

अक्का,

परवाचं पत्र तसंच अर्धं टाकून आले. आता सरळ लिहिते. मधे थांबले तर परत लिहिणार नाही, म्हणून लेकरू मावशीकडं दिलंय.

त्या दिवशी मडकी तुझ्या बोलण्यानं फुटली नाहीत.

तुला आठवत असेल, आदल्या दिवशी झिमझिम झाली होती, हवा ओली होती. आई म्हणली, मडकी सकाळपासून शेगडीजवळ तापली पाहिजेत, हात ठेवला तर पावासारखी ऊन लागली पाहिजेत, मगच आव्यात. तू गोवऱ्या आणायला गेली होतीस. आई मावशीकडं चिमटे आणायला गेली. शेगडी माझ्यावर सोपवली. मी पंधरा वर्षांची होते, लहान नव्हते.

विल्बर खाली मेंढरं घेऊन आला होता. त्यानं शीळ घातली. मी म्हणलं, आत्ता जाऊन येते. त्याला आत्ता म्हणजे किती ते कधी कळलं नाही आणि मलाही कळलं नाही. परत आले तर शेगडी विझलेली. दार उघडं राहिलेलं, ओली हवा आत. मी मोठ्या रांजणाला हात लावला. बेडकाच्या पोटासारखा गार होता.

आई दारात आली. "तापली का?"

मी म्हणलं, तापली.

तिनं हात लावून बघितला नाही. का बघितला नाही याचा मी सात वर्षं विचार करते. रोज बघायची. माझ्यावर विश्वास ठेवला म्हणून नाही बघितला, दुसरं काय.

मग आव्यापाशी तुमचं सुरू झालं. तू म्हणलीस हमरस्त्यावरच्या टपरीत राखदाण्या खपतात, आपण राखदाण्या करू. आई म्हणली माझ्या हातची माती बिड्या विझवायला नाही. तू म्हणलीस मग तुझ्या रांजणात पाणी तरी कोण भरतंय आता, नळ आलाय. ते तू फार लागेल असं बोललीस अक्का, ते मी खोटं म्हणत नाही. आणि तेवढ्यात पहिलं फुटलं. मग दुसरं. मग तो मोठा रांजण, ज्यावर आई सणासाठी सहा आठवडे बसली होती, ज्याच्यावरचे पोपट तूच रंगवले होतेस.

आई तुझ्याकडं वळली. "तुझ्या जिभेनं फोडलीस. परत मातीला हात लावायचा नाही."

मी तिथंच होते. तुझ्यापासून दोन हातांवर. तोंड उघडायचं होतं तेवढंच. मला वाटलं संध्याकाळी सांगीन, ती शांत झाली की. संध्याकाळी तू बोचकं बांधत होतीस. मला वाटलं उद्या सांगीन. उद्या तू बसमधे होतीस, सरकारनं आदिवासी वस्त्यांतून शहरात कामाला पाठवलेल्या पोरांबरोबर. मग वाटलं आता सांगून काय, गेलीच आहे.

तुझा हात माझ्यापेक्षा चांगला होता. सगळ्यांना माहीत आहे. तुझं मडकं टिचकी मारली की वाजायचं. त्या हातांनी तू सात वर्षं हॉटेलच्या चादरी दाबतेस. माझं मडकं वाजत नाही, ते खोकतं.

पांढरी माती संपली हे खरं. तेवढ्यासाठीच लिहिलं हे खोटं. मला वाटलं होतं तू लिहिशील, पत्रात सांगता येत नाही, मीच येते. मग तू यावंस आणि मला काहीच सांगायला लागू नये, असं मला हवं होतं.

आता सहाच्या सहा फुटल्यापासून मला वाटतं ते माझं खोटं आहे, ते मातीत गेलंय. आईला सांगायला पाहिजे. पण सांगितलं तर ती माझ्या हातचं खाणार नाही. तुला सांगितलं, आता तू वाचणार नाहीस. विल्बर ऑगस्टपर्यंत येत नाही. मग मी आणि हे लेकरू. मी बावीस वर्षांची आहे आणि मला आईच्या खोलीत जायची भीती वाटते.

टपालाची गाडी जाईल. विचार बदलायच्या आत टाकते.

एर्लिंडा


२३ एप्रिल

अक्का,

आईला सांगितलं. तुला पत्र टाकल्यावर लगेच सांगणार होते, धीर झाला नाही. नंतरच्या रविवारी वरच्या गावात सगळे चर्चला गेले, घर रिकामं होतं, तेव्हा सांगितलं. तिच्या उजव्या बाजूला बसले, तिकडून तिला नीट दिसत नाही म्हणून. ते पण लिहिते, सगळंच लिहायचं ठरवलंय.

वाडगं पुढं केलं तर तिनं डाव्या हातानं सारलं. रस्सा अंथरुणावर सांडला. तोंड भिंतीकडं केलं. त्या दिवसापासून माझ्या हातचं खात नाही. मावशी येऊन भरवते. मी खोलीत गेले की डोळे मिटते. लेकरू तिच्याजवळ ठेवलं तर त्याला धरते, मी उचलायला गेले की हात काढून घेते.

मग मी मावशीला पण सांगितलं. आणि त्या दिवशी जेवढ्या बायका आव्यापाशी होत्या त्यांच्या घरी गेले, लेकरू पाठीला बांधून. चार घरं. एकीनं पाणी पण विचारलं नाही. म्हातारी सोलेदाद म्हणली, "सात वर्षं बहिणीच्या जिभेवर चूल मांडून स्वयंपाक केलास की गं, भवाने." बरोबर बोलली. मी म्हणलं हो आजी. ती म्हणली, "हो काय म्हणतेस, बस, खा." पाव दिला. मी तिच्या ओट्यावर रडत पाव खाल्ला, लेकरू हसत होतं, त्याला काय.

मावशीचं वेगळंच. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणली, "तुझी माती आण." मी भिजवलेली माती आणली. तिनं चिमूट घेतली, दाताखाली धरली, थुंकली.

"खापर कुठाय हिच्यात?"

"घातलंय की."

"हे घातलंय? अगं हा तर लोण्याचा गोळा. जुनं खापर वाटून मूठ-मूठ घातल्याशिवाय नवी माती आग सोसेल का? पाटा-वरवंटा काय शोभेला ठेवलाय?"

मी म्हणलं, वाटायला बसलं की आवाजानं फिदेलिया उठते. म्हणून थोडंसंच वाटते.

मावशी किती तरी वेळ हसली. मग डोळे पुसले. "म्हणजे पोरीनं झोपावं म्हणून मडकी फुटली. आणि मी कुत्रं हाकलत होते!"

मला काय वाटलं सांगू? आधी हलकं वाटलं आणि मग राग आला. मी म्हणलं, मावशी, मग मी आईला उगाच सांगितलं का?

ती म्हणली, "उगाच नाही. उशिरा." आणि मग म्हणली, "भांडणानं मडकी फुटत नाहीत असं मी कधीच म्हणणार नाही. पण गार मडकी भांडणाशिवायही फुटतात. हे त्या दिवशी माझ्या बहिणीलाही माहीत होतं. चिडलेल्या माणसाला माहीत असलेलं आठवत नाही."

तुला लिहायला सांगितलंय: त्या दिवशी मी पण त्या पोरीला चार शब्द बोलले होते, माझ्याकडून पण माफी माग, पण छोटी माग, कागद वाया घालवू नकोस. तर ही मावशीची माफी.

माझी छोटी होत नाही. म्हणून मागत नाही. तू आलीस तर कुणी तुला काही म्हणणार नाही, एवढं मी करून ठेवलंय. पांढऱ्या मातीचं आता विचारत नाही. मी करडी मडकी करीन. तुझ्यावर ओझं नको.

एर्लिंडा


११ मे

अक्का,

तुझं पत्र नाही, पार्सल नाही. मी धरून चालले की तू वाचत नाहीस. तरी लिहिते, कारण हे माझं नाही, आईचं आहे.

मावशीला ताप आला. दोन दिवस आली नाही. पहिल्या दिवशी आईनं काहीच खाल्लं नाही. मी वाडगं ठेवून बाहेर जायची, परत आले की तसंच. काल दुपारी मी तिला उचलून बाहेर उन्हात खुर्चीवर बसवलं. हलकी झालीय गं, मक्याच्या वाळल्या ताटासारखी. फिदेलियाला पाजत मी पायरीवर बसले. वाडगं जवळच ठेवलं होतं, भरवायला उठले नाही. म्हणलं नसेल खायचं तर माझं ऐकणार थोडीच आहे.

बऱ्याच वेळानं तिनं तोंड उघडलं. बोलायला नाही, चिमणीच्या पिल्लासारखं नुसतं उघडलं. मी चमचा धरला. तीन चमचे खाल्ले. तोंड असं केलं होतं जणू मी तिला विष घालतेय आणि ती माझ्यावर उपकार म्हणून गिळतेय. चौथ्याला हात आडवा केला.

मग म्हणली, "ती तिकडं काय खाते?"

मला कळलंच नाही. मी म्हणलं, कोण?

"तुझी बहीण."

सात वर्षांत तिनं तुझं नाव घेतलं नव्हतं. आताही नाव घेतलं नाही, पण विचारलं. तोंडातून नीट येत नव्हतं, दोनदा सांगावं लागलं, त्याचाच तिला राग आला. मी म्हणलं, मला माहीत नाही आई.

"विचार."

मी म्हणलं, विचारते.

थोड्या वेळानं परत म्हणली, "मिरची मिळते का तिकडं? आपली, लाल?"

मी म्हणलं ते पण विचारते. मला वाटलं ती अजून काही बोलेल. तुझ्या हातांचं, मडक्यांचं, त्या दिवशी बोललेल्याचं. मी वाट बघत बसले, लेकरू पिता पिता झोपलं, तरी हलले नाही. तिनं एवढंच विचारलं.

ती आपल्या बोलीत बोलली, मी शाळेतल्या भाषेत लिहितेय, त्यामुळं ते कोरडं वाटेल. तसं नव्हतं. ती कशी विचारते ते तुला माहीत आहे, तू शाळेतून आलीस की दारातच विचारायची.

म्हणून विचारते. तू तिकडं काय खातेस? सकाळी काय, रात्री काय, एकटी जेवतेस का, मिरची मिळते का. खरं लिही. दुकानच्या पत्र्याच्या डब्यातलं खात असशील तर डब्यातलं लिही. आई ते माझ्याकडून वाचून घेणार आहे, आणि आता मी तिला खोटं वाचून दाखवणार नाही.

ती वाट बघतेय असं म्हणत नाही. पण आज टपालाची गाडी यायच्या वेळेला खुर्ची रस्त्याकडं वळवायला लावली. मी विचारलं, कुणाकडं बघतेस गं? म्हणली, मेंढरांकडं.

आपली मेंढरं विकली त्याला तीन वर्षं झाली, अक्का.

एर्लिंडा